आई रडतेय आणि बाळ हसतंय, ८ महिन्यांच्या बाळाला चेहरा कितपत कळतो?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी ८ महिन्यांची. परवा दुपारी तिला मांडीवर घेऊन बसला होतात, डोळ्यातून पाणी यायला लागलं, आवाज न करता रडत होतात, आणि ती तुमच्या तोंडाकडे बघून खुदकन हसली. रागावून डोळे मोठे केले तरी हसते. सासूबाई म्हणतात पोरांना पोटात असल्यापासून सगळं कळतं, मिस्टर म्हणतात एवढ्याशा जिवाला काय कळतंय, आणि तुम्हाला धास्ती की हिच्यात काही कमी तर नाही ना. शेवटी जाता जाता लिहिलंय की हल्ली आठवड्यातून ३-४ दा असं रडू येतं. त्या शेवटच्या ओळीकडे मी परत येणार आहे, मला ती तुमच्या प्रश्नाइतकीच महत्त्वाची वाटते.

मी लहान मुलांच्या विकासाचं काम करते, २३ वर्षं झाली. हा प्रश्न दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्या आईचा चेहरा असा असतो की जणू बाळाने तिला नापास केलंय. तर पहिलं हे ऐका, तुमच्या मुलीचं हसणं तिच्या वयाला धरून आहे. तुम्ही रडताय हे तिला कळलं नाही, पण म्हणून ती कोरडी आहे असं अजिबात नाही. चेहरा वाचणं ही दात येण्यासारखी एका दिवशी दिसणारी गोष्ट नाही, ती टप्प्याटप्प्याने येते आणि (हेच लोकांना माहीत नसतं) त्यात चेहरा तसा उशिरा कळतो, त्याच्या आधी आवाज कळतो आणि अंगाला अंग लागल्यावरचा स्पर्श कळतो. नुसत्या चेहऱ्याला बाळाच्या लेखी काही अर्थ नसतो, त्याच्याबरोबर काय ऐकू आलं आणि त्यानंतर काय घडलं, यातून तो अर्थ शेकडो वेळा जमा होत होत चेहऱ्याला चिकटतो.

सुरुवातीपासून सांगते. जन्मल्यावर बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच बऱ्यापैकी दिसतं, त्यापलीकडे सगळं धूसर. पाजायला घेतल्यावर बाळाचे डोळे आणि आईचं तोंड यात जेवढं अंतर असतं ना, जवळपास तेवढंच. त्या धूसर नजरेतसुद्धा चेहऱ्यासारख्या आकाराचं त्याला आकर्षण असतं. १९७५ साली अमेरिकेत नुकत्याच जन्मलेल्या, म्हणजे अक्षरशः काही मिनिटांच्या बाळांसमोर चेहऱ्याचं चित्र आणि तेच डोळे-नाक-तोंड इकडचे तिकडे केलेलं चित्र हळूहळू सरकवून बघितलं, तर चेहऱ्याच्या चित्राच्या मागे बाळांनी डोळे आणि मान जास्त वळवली. म्हणजे चेहऱ्याकडे बघायची ओढ जन्मतःच असते. पण ओढ असणं वेगळं आणि त्या चेहऱ्यावरचं दुःख कळणं वेगळं, त्यामुळे सासूबाई आणि मिस्टर दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत.

मग पहिल्या महिन्यात झोपेत हसतं ते काय? आपल्याकडे म्हणतात सटवाई हसवतेय. मला तो शब्दप्रयोग आवडतो, कारण आपल्या आज्यांना एवढं नक्की कळलं होतं की हे हसू आपल्याकडे बघून आलेलं नाही, ते आतलं आहे. आपल्या डोळ्यात बघून, आपण बोलल्यावर येणारं हसू साधारण दीड ते दोन महिन्यांच्या आसपास येतं. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाची, १८३९ च्या डिसेंबरात जन्मलेल्या विल्यमची, रोजनिशी ठेवली होती आणि ती १८७७ मध्ये लेख म्हणून छापली. त्यात त्याने ४५ व्या दिवशीचं हसू खरं हसू म्हणून धरलंय. एवढ्या वर्षांनी आज माझ्याकडे येणाऱ्या आयांनी सांगितलेल्या तारखा लिहून ठेवल्या तरी त्या याच दिवसांच्या आसपास पडतात.

आता जरा रिसर्चवाले हे शोधतात कसं ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेतलं वाटेल. बाळ बोलत नाही, पण कंटाळतं. त्याला एकच प्रकारचा चेहरा दाखवत राहायचं, थोड्या वेळाने ते नजर काढून घेतं, मग दुसऱ्या प्रकारचा चेहरा दाखवायचा, परत टक लावून बघायला लागलं तर समजायचं की याला फरक कळला. पण या पद्धतीत एक गोम आहे, आणि ती १९८५ च्या एका अभ्यासात फार छान दिसली. ४ ते ७ महिन्यांच्या बाळांना बायकांचे हसरे आणि रागीट फोटो दाखवले, आणि बाळं फरक ओळखत होती खरी, पण बारकाईने बघितल्यावर लक्षात आलं की त्यांनी धरलेला फरक राग की आनंद हा नव्हताच, दात दिसतायत की नाही दिसत आहेत, हा होता! म्हणजे फरक दिसणं आणि फरकाचा अर्थ कळणं यात केवढं अंतर आहे बघा. आता तुमच्या परवाच्या दुपारीकडे या. रडताना माणसाचं तोंड ताणलं जातं, ओठ फाकतात, दात दिसतात, डोळे बारीक होतात. आवाज तर तुम्ही दाबलेला. आणि तो चेहरा तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, तिला मांडीवर घेतलेलं, म्हणजे जे रोज खेळताना असतं तेच सगळं. गालावरून ओघळणाऱ्या पाण्याचा अर्थ तिला कुठून माहीत असणार, तिने मोठ्या माणसाला रडताना पाहिलंय किती वेळा? तिच्या बाजूने ती बरोबर उत्तर देत होती, आई एवढ्या जवळ येऊन माझ्याकडे बघतेय म्हणजे हसायचं.

आवाज आधी कळतो असं वर म्हटलं, त्याचंही सांगते. २००७ मध्ये रॉस फ्लॉम आणि लॉरेन बॅरिक या दोघांनी हाच क्रम लावून दाखवला. चेहरा हलतोय आणि आवाजही येतोय असं दोन्ही एकत्र मिळालं तर ४ महिन्यांच्या बाळाला आनंद, दुःख, राग यातला फरक कळतो. नुसत्या आवाजावरून ५ महिन्यांना. आणि आवाज बंद, नुसता चेहरा, तर ७ महिन्यांना. म्हणजे तुमच्या मुलीला मुक्या चेहऱ्यावरून हा फरक पकडायला लागून फार तर महिनाभर झालाय, तेसुद्धा प्रयोगशाळेत, स्पष्ट अभिनय केलेल्या चेहऱ्यांवर. घरातलं खरं दुःख तसं स्पष्ट नसतं हो, ते लपवलेलं असतं. तुम्ही हुंदका दिला असतात, आवाज कापला असता तर कदाचित ती थबकली असती. तसं करून बघा असं मी म्हणत नाहीये, फक्त का घडलं ते सांगतेय.

आणि सगळ्यांचा चेहरा एकदम कळत नाही, आधी कळतो तो ओळखीचा. साडेतीन महिन्यांच्या बाळांवर एक काम झालंय, आईचा हसरा आणि दुःखी चेहरा शेजारी शेजारी आणि आवाज एकाचाच, तर आवाजाशी जुळणारा चेहरा बाळांनी शोधला, पण अनोळखी बाईच्या बाबतीत ते जमलं नाही. म्हणून घरात बाळाला वेळ देणारी माणसं जितकी जास्त तितकं त्याचं शिक्षण रुंद होतं असं मला वाटतं. मालिश करायला येणारी मावशी बघा, पायावर आडवं घेऊन तेल चोळता चोळता ती बाळाशी अखंड बोलत असते, रडलं की "अगं बाई, झोंबलं का गं" म्हणते आणि तोंडही तसंच करते. आवाज, चेहरा, हात तिन्ही एकाच सुरात. ट्रेनिंग घेतलेल्या थेरपिस्टना जे शिकवावं लागतं ते या बाया रोज सहज करतात.

मग रागावल्यावर हसते त्याचं काय. तुम्हीच आठवा, गेल्या ८ महिन्यांत तुम्ही तिच्यावर खरंखुरं किती वेळा रागावला असाल? पडून राहणाऱ्या बाळावर रागवायचं तरी कशासाठी. आपण जे करतो तो लटका राग, डोळे मोठे करायचे, "कोण आहे गं लबाड" असं लांबवत म्हणायचं, आणि शेवटी पोटात गुदगुल्या. त्यामुळे मोठे डोळे म्हणजे आता गुदगुल्या येणार, हा तिचा अनुभव पक्का आहे. खरा राग घरात येतो तो बाळ रांगायला लागल्यावर, कारण तेव्हा ते प्लगपाशी जातं, गॅसच्या पाइपपाशी जातं, देवघरातली समई ओढतं. जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी यावर बरंच काम केलंय, रांगणं सुरू झालं की आईबाबांचे तीव्र "नाही!" वाढतात आणि बाळही दूरवरून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागतं. म्हणजे पाय मोकळे झाल्यावर चेहऱ्याची गरज लागायला लागते. तुमची रांगायला लागली आहे का ते लिहिलं नाहीत. नसेल तर अजून दोन महिन्यांत बघा, "नाही" म्हटल्यावर हात अर्ध्यात थांबेल आणि ती तुमच्याकडे वळून बघेल. हसेलही कदाचित, पण थांबून हसेल, तो फरक तुम्हाला दिसेल.

याच वयात अजून एक बदल होतो, भीतीचा चेहरा. ५ महिन्यांच्या बाळाला हसरा आणि घाबरलेला चेहरा दाखवला तर घाबरलेल्याचं विशेष काही वाटत नाही, ७ महिन्यांच्या आसपास मात्र ते घाबरलेल्या चेहऱ्यावर जास्त वेळ खिळून राहतं. घाबरत नाही, रडत नाही, खिळतं. हे काहीतरी महत्त्वाचं आहे एवढं त्याला कळायला लागतं, कशाबद्दल आहे ते कळत नाही.

"कशाबद्दल" हे कळतं ते वर्षाच्या आसपास, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर टप्पा तो आहे. तुम्ही पाहिलं असेल, चालायला शिकणारं पोर धपकन पडतं आणि रडायच्या आधी एक क्षण आईच्या तोंडाकडे बघतं. लागलंय का, रडायचं का, हे जणू ते आईला विचारतं. आपल्याकडे लगेच "अरे मुंगी मेली, मुंगी मेली" म्हणायची पद्धत आहे ती याच क्षणासाठी. १९८५ मध्ये जेम्स सॉर्स, कॅम्पोस वगैरेंनी १२ महिन्यांच्या बाळांवर याचा प्रयोग केला. जाड काचेचं टेबल, एका बाजूला काचेखाली लगेच चौकटीचं कापड, दुसऱ्या बाजूला तेच कापड काचेखाली साधारण ३० सेंटिमीटर खोल, म्हणजे बाळाला वाटावं इथे पायरी आहे, पण फार भयंकर खोलही नाही, अशी मुद्दाम संदिग्ध ठेवलेली. पलीकडे आई आणि छानसं खेळणं. आईने काहीही बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. आईने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून आली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. एकही नाही! हा प्रयोग मी पालकांच्या प्रत्येक वर्गात सांगते आणि दरवेळी खोली शांत होते. आणि गंमत बघा, नंतर २००४ मध्ये तशाच काचेवर नुसता चेहरा आणि नुसता आवाज अशी तुलना केली तर नुसता आवाज मिळालेली बाळं जास्त लवकर ओलांडून आली. वर्षाचं झालं तरी आवाजाचं वजन कमी होत नाही.

"मुंगी मेली" बद्दल माझं मत विचाराल तर, किरकोळ पडल्यावर ठीक आहे, पण खरंच लागलंय, पोर कळवळलंय आणि आपण हसत हसत मुंगी मेली म्हणतोय, हे मला पटत नाही. आतून दुखतंय आणि समोरचा चेहरा मजा सांगतोय, असं वारंवार झालं तर त्याने शिकायचं काय. "लागलं ना, दुखलं" एवढं म्हणून, जवळ घेऊन, मग मुंगीकडे वळा. जमिनीला मारायचं, "हट्, हिने पाडलं आमच्या बाळाला", ते तर सोडूनच द्या.

आता तुमचा खरा प्रश्न, आई दुःखी आहे हे हिला कधी कळेल. खात्रीने सांगण्यासारखं वय म्हणजे दुसरं वर्ष. साधारण १४ ते २० महिन्यांच्या दरम्यान मुलं रडणाऱ्या आईजवळ येऊन उभी राहतात, तोंडाला हात लावतात, स्वतःची चोखलेली, लाळेने ओली बाहुली आणून हातात देतात. लक्षात घ्या, स्वतःची देतात, कारण त्यांना ज्याने बरं वाटतं त्यानेच आईलाही वाटेल असा त्यांचा हिशोब असतो. दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे कळायला आणखी थोडा वेळ जातो. बेटी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गोपनिक यांनी १९९७ मध्ये मुलांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत बिस्किटं आणि दुसरीत कच्ची ब्रोकोली. मोठ्या माणसाने बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं आणि ब्रोकोली खाऊन "अहाहा" असा चेहरा केला, मग हात पुढे करून मला थोडं दे म्हटलं. १४ महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारी बिस्किटंच दिली. १८ महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. चार महिन्यांत केवढा पल्ला!

काही बाळं यातलं थोडंफार आधीच दाखवतात. डार्विनच्याच नोंदीत आहे, दाईने रडायचं नाटक केलं तर ६ महिने ११ दिवसांच्या विल्यमचे ओठांचे कोपरे खाली आले, तोंड रडवेलं झालं. तुमच्या जाऊबाईंच्या मुलाने तसं केलं असेल आणि कोणी तुम्हाला ऐकवलं असेल तर मनाला लावून घेऊ नका. रडक्या चेहऱ्यामुळे आपला चेहरा रडवेला होणं ही लागण आहे, नवजात बाळांच्या वॉर्डात एक रडलं की दुसरंही रडतं तसली. आई दुःखी आहे हे समजणं ही त्याच्या पुढची पायरी.

आणि शब्द तर त्याहून पुढे. दोन-तीन वर्षांचं मूल चेहऱ्यांना सुरुवातीला मोठ्या दोनच खणांत टाकतं, छान आणि नाही छान. शेरी वायडेन आणि जेम्स रसेल यांचं या विषयावरचं काम मला फार आवडतं, त्यांनी दाखवलं की आनंद, राग, दुःख हे शब्द आधी येतात, भीती-आश्चर्य नंतर, आणि किळस आलेला चेहरा तर बरीच मुलं शाळेत गेल्यावरही कितीतरी वर्षं "रागावलेला" म्हणूनच ओळखतात. ज्यांची पोरं पहिली-दुसरीत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, मूल "टीचर रागावल्या" म्हणतं तेव्हा टीचरच्या तोंडावर नक्की काय होतं ते सांगता येत नाही. मराठीत तर या बाबतीत श्रीमंती आहे. रुसणं वेगळं, फुगणं वेगळं, हिरमुसणं वेगळं, चिडणं वेगळं, कावरंबावरं होणं वेगळं. आपण मात्र मुलांशी बोलताना सॅड आणि अँग्री या दोन शब्दांवर सगळं भागवतो. "दादा हिरमुसला बघ, त्याचा पतंग फाटला" असं एक वाक्य म्हणजे चेहरा, शब्द आणि कारण तिन्ही एकत्र झालं. ८ महिन्यांपासूनच बोलायला काही हरकत नाही, शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो.

इथे एक आवर्जून सांगायचंय, कारण पालक विचारतात की चेहरे ओळखणं जन्मतःच पक्कं असतं का. काही भाग असतो, पण बराच भाग घर शिकवतं. सेथ पोलक यांच्या कामातून दिसलं की मारझोड सोसलेली मुलं रागाचा चेहरा इतर मुलांपेक्षा आधीच, अजून पुरता स्पष्टही झालेला नसताना, ओळखतात. त्यांना तेच आधी ओळखावं लागलेलं असतं. आणि सगळी घरंही सारखी नसतात. कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या आया आणि जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरातल्या आया यांची तुलना झालीये. न्सो लोकांत बाळाने शांत असावं याला मोल आहे, अंगाशी धरणं, हलवणं जास्त आणि समोर धरून हसवणं कमी. ६ आठवड्यांना दोन्हीकडची बाळं सारखीच हसत होती, १२ आठवड्यांना म्युन्स्टरची बाळं जास्त हसायला लागली. यात कोणाचं चूक काही नाही, ज्या घरात जे चलन चालतं ते बाळ शिकतं एवढंच.

आता ती शेवटची ओळ. आठवड्यातून ३-४ दा रडू येणं.

मी माझी एक चूक सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, एक आई ५ महिन्यांच्या मुलाला घेऊन यायची, खूप रडायची, आणि मी तिला अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, बाळासमोर रडत जाऊ नका, त्याच्यावर परिणाम होतो. तिने मनापासून ऐकलं. पुढच्या वेळी आली तेव्हा ती रडत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सगळं आत दाबून चेहरा नुसता सपाट करून ठेवला होता. आणि तिचं पोर तिच्याकडे बघेनासं झालं होतं, पंख्याकडे बघत बसायचं. मला ते दृश्य अजून दिसतं. तिला मदतीची गरज होती आणि मी तिच्यावर अजून एक ओझं टाकलं होतं.

एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये मांडलेला निश्चल चेहऱ्याचा प्रयोग मी तेव्हा वाचला होता, पण तो खरा कळला त्या दिवशी. त्यात आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम स्थिर, बघते बाळाकडेच पण काहीही हावभाव नाही. बाळ आधी हसून बघतं, हात हलवतं, आवाज काढतं, आईला परत आणायचा सगळा प्रयत्न करतं, आणि जमत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, कोमेजून जातं. मग आई परत नेहमीसारखी होते आणि बहुतेक बाळं, थोडी कुरकुर करून, परत येतात. तिसऱ्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात, मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. ट्रॉनिक यांच्याच कामातून पुढे दिसलं की अगदी छान चाललेल्या जोड्यांतसुद्धा अर्ध्याहून जास्त वेळ आई आणि बाळाचा सूर जुळलेला नसतो, तुटतो, परत जुळतो, तुटतो, परत जुळतो. बाळ त्या परत जुळण्यावर वाढतं.

म्हणून तुम्ही रडलात याने काहीही बिघडलेलं नाही. रडून झाल्यावर तिला जवळ घेऊन "आईला रडू आलं गं, आता बरं वाटतंय" असं खऱ्या आवाजात सांगा. खोटं हसू आणू नका, चेहरा हसतोय आणि आवाज कापतोय असं मिश्रण बाळाला जास्त गोंधळात टाकतं. पण आठवड्यातून ३-४ दा, बाळंतपणानंतर ८ महिन्यांनी, हे मी थकवा म्हणून सोडून देणार नाही. सोबत झोप उडालीये का (बाळ झोपलेलं असतानाही), भूक गेलीये का, कशातच रस वाटत नाही का, बाळाबद्दल सतत अपराधी वाटतं का, हे स्वतःला विचारा. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही घेता येतात. टेलिमानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असा विचार एकदा जरी आला असेल तर आजच, आत्ताच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा, हा मेसेज वाचून संपवायचीही वाट बघू नका. तोपर्यंत बाळाच्या वाट्याला हलता-बोलता चेहरा कमी पडतोय असं वाटत असेल तर सासूबाई आहेत, मिस्टर आहेत. रोज संध्याकाळी अर्धा तास मिस्टरांनी मोबाइल बाजूला ठेवून तिला समोर घेऊन बसावं, हे मी अगदी औषधासारखं लिहून देतेय असं समजा.

मोबाइलवरून आठवलं. भरवताना समोर व्हिडिओ लावता का? दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं म्हणणं आहे, नातेवाईकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. कारण साधं आहे, स्क्रीनवरचा चेहरा तुमची पोर हसली म्हणून हसत नाही.

तपासायचं कधी, तेही सांगते, म्हणजे धास्ती योग्य जागी राहील. ३ महिने उलटले तरी समोर बघून हसत नाही, ६ महिन्यांना मोकळं, तोंडभर हसू नाही, ९ महिन्यांना आपण हसलो-आवाज काढला तर त्याला उत्तर देणं नाही, वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, किंवा आधी बघायचं-हसायचं आणि आता बंद झालंय. यातलं काही असेल तर "मुलं उशिरा बोलतात, होईल नीट" म्हणून थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा, कारण बाळाला चेहरा दिसतच नसेल किंवा आवाज येतच नसेल तर तो कळणार कुठून. बुबुळात पांढरं दिसलं, फोटोत एकाच डोळ्यात पांढरी चमक आली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी डीईआयसी म्हणून केंद्रं असतात, तिथे ही तपासणी होते, अंगणवाडीत येणारी तपासणी टीमसुद्धा तिथे पाठवू शकते.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, तोंडाकडे बघते, डोळ्यात बघून हसते, त्यावरून मला काळजीचं काही दिसत नाही. महिन्याभरात तिची ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस असेल. सुई टोचायच्या आधी ती तुमच्या तोंडाकडे बघते का ते बघा, तुम्ही तिच्याशी बोलत राहा, आणि टोचून झाल्यावर जवळ घेतल्यावर किती वेळात शांत होते ते लक्षात ठेवा, मला लिहून कळवा. आणि त्याच खुर्चीत बसून, तिचं वजन वगैरे सांगून झालं की, डॉक्टरांना तुमच्या रडण्याबद्दलही सांगा.